‘मोनोलेयर’ला मराठीत काय म्हणायचं? साय, तवंग, पापुद्रा की पटल?

तिरफळ: बुरशीवरच्या औषधांवर मराठीत लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. प्रयोग असा आहे. टेफ्लॉनच्या उथळ तबकात काठोकाठ पाणी घेतात. त्यावर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या मेदाचे इवलेसे थेंब सोडतात. क्लोरोफॉर्म उडून जातो आणि मेदाचे रेणू पाण्यावर पसरतात, डोकं पाण्यात, शेपट्या हवेत. थराची जाडी एका रेणूएवढी. मग कडेच्या पट्ट्या सरकवत हा थर दाबायचा आणि ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध मिसळल्यावर काय बदलतं ते मोजायचं. पेशीच्या पटलाची, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ आवरणाची, ही अर्धी नक्कल. ‘एकरेण्वीय स्तर’ लिहिलं तर माझी सख्खी बहीणही पुढे वाचणार नाही.

जुनीवही: साय म्हणा की. पातळ, वरवर तरंगणारी.

तिरफळ: साय चमच्याने उचलता येते हो! शिवाय तिच्यात मेदाबरोबर दुधातली प्रथिनंही जमलेली असतात. पापुद्रा म्हटलं तर तो कशावरून तरी सुटून आल्यासारखा वाटतो.

घाटावरचा: तवंगच. त्याला वंशावळही चांगली आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तर जवळजवळ अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. १७७४ साली त्याने ते छापलं. आता आपण भागाकार करू. चमचा ५ मिलिलिटरचा, पाणी साधारण २००० चौरस मीटर. जाडी आली अडीच नॅनोमीटर. बिचाऱ्याने हा भागाकार केला नाही, नाहीतर रेणूची लांबी तेव्हाच हाती आली असती.

जुनीवही: पण आपण तवंग म्हणतो तो मिसळीच्या कटावरचा, लाल. नाहीतर पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचा, इंद्रधनुषी. रंग दिसतात म्हणजे तो थर शेकडो नॅनोमीटर जाड असणार. तिरफळताईंचा तर डोळ्याला दिसतच नाही.

घाटावरचा: म्हणून विशेषण लावा. एकपदरी तवंग.

जुनीवही: एकपदरी म्हटलं की मला घाटातला रस्ता आठवतो.

घाटावरचा: तुम्हाला रस्ता, मला चिरोटे. चिरोट्याचे पदर सुटतात ते थरच ना? शिवाय पेशीच्या पटलाला ‘दुपदरी’ हा जोडशब्द आयता मिळतो. आणि हे दोन शब्द एकमेकांचे पुरावे आहेत. १९२५ साली खोर्टर आणि ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरला. तवंगाचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन पदर. (त्यांच्या मोजमापात चुका होत्या, पण त्या एकमेकींना कापून गेल्या. असं नशीब सगळ्यांना मिळत नाही.)

कडूकाढा: मी औषधांच्या बाजूचा माणूस, म्हणून मला नामापेक्षा क्रियापदाची काळजी. ताई, औषध पटलाचं ‘काय करतं’ असं लिहिणार आहात? बहुतेक ठिकाणी ‘छिद्र पाडतं’ असं असतं. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल; दोन्ही स्टेरॉल जातीचे मेद. ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट धरतं, रेणू गोलाकार उभे राहून नळी करतात, आतलं पोटॅशियम गळून जातं. ही जुनी मांडणी. २०१४ पासून दुसरी मांडणी जोरात आहे. औषधाचे रेणू पटलाबाहेर गोळा होतात आणि स्पंज पाणी टिपतो तसं एर्गोस्टेरॉल टिपून घेतात. छिद्र होतं, पण मारक गोष्ट ती नव्हे. म्हणजे ‘भोक पाडतं’ लिहिलंत की तुम्ही एका बाजूचे झालात. ‘शोषून घेतं’ लिहिलंत की दुसऱ्या.

तिरफळ: मग ‘आंतरक्रिया’?

कडूकाढा: तो शब्द काहीच सांगत नाही, म्हणून सुरक्षित. पण तबकात दिसतं ते सांगायला शब्द आहे. फॉस्फोलिपिडात, म्हणजे पटलातल्या मुख्य मेदात, स्टेरॉल मिसळलं की दोघांनी मिळून व्यापलेली जागा त्यांच्या वेगवेगळ्या जागांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. पुस्तकी मराठीत ‘आकुंचन’. मी म्हणेन, रेणू अंग चोरून बसतात. गच्च भरलेल्या एसटीत तिसऱ्या माणसाला जागा करून देतात तसे. औषध आल्यावर ही बैठक कशी बदलते, हाच तर प्रश्न.

आणि नुसत्या ॲम्फोटेरिसिनचा तवंग दाबला तर रेणू आधी पाण्यावर आडवे असतात, दाब वाढला की उभे राहतात. तिथे आलेखात सपाट पायरी येते. ‘आडवे’, ‘उभे’, बस. ‘क्षैतिज अभिमुखता’ लिहू नका, हात जोडतो.

घाटावरचा: औषधाला ‘बुरशीनाशक’ म्हणणार का? आमच्याकडे त्याचा अर्थ द्राक्षावरची फवारणी. भुरीवर हेक्झाकोनॅझोल मारतात.

कडूकाढा: गंमत म्हणजे नातं खरं आहे. हेक्झाकोनॅझोल आणि दवाखान्यातलं फ्लुकोनॅझोल, दोन्ही एर्गोस्टेरॉल तयार होण्याची एकच पायरी अडवतात. तरी माणसाच्या औषधाला मी ‘बुरशीविरोधी’ म्हणतो. ‘नाशक’ शब्दाला ते जागतंच असं नाही. फ्लुकोनॅझोल कँडिडा या बुरशीची बहुधा वाढ रोखतं, मारत नाही. ॲम्फोटेरिसिन मारतं. २०२१ मध्ये म्युकरच्या वेळी नातेवाईक दुकानोदुकानी ‘ॲम्फो आहे का?’ विचारत फिरत होते. हे ‘ॲम्फो’ म्हणजे शाळेतल्या ‘उभयधर्मी’ शब्दाचं ग्रीक भावंड. रेणूत आम्लाचा गट आहे आणि अल्कलीचाही, म्हणून हे नाव. आणि चिठ्ठीवरचं ‘लिपोसोमल’ म्हणजे औषध मेदाच्या दुपदरी गोळ्यांमध्ये बसवलेलं. मूत्रपिंडाला त्रास कमी व्हावा म्हणून.

तिरफळ: ठरलं. तवंग एकपदरी, पटल दुपदरी, औषध बुरशीविरोधी, रेणू अंग चोरून बसणार. क्रियापदाला दोन्ही बाजू मांडते. आता तबक. त्याला लँगम्युअर या अमेरिकी शास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याचा लेख १९१७ चा. पण जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स घरची भांडी घासता घासता खरकट्या पाण्यावरच्या तवंगाकडे बघत बसली आणि पत्र्याच्या तबकात तिने हेच मोजलं. तिचं पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. मी लेखात ‘पॉकेल्सचं तबक’ लिहिलं तर चालेल?

जुनीवही: चालेल. कंसात लँगम्युअर टाका, नाहीतर संपादक फोन करतील.