४७व्या वर्षी गोल्फ सुरू केलंय, बॉल वर उठतच नाही

शनिवारसकाळ
नमस्कार मंडळी. कॉलेज संपल्यापासून कुठलाही खेळ नियमित खेळलो नाही. दोन महिन्यांपूर्वी मित्रासोबत रेंजवर (सरावाच्या मैदानावर) गेलो आणि तिसऱ्या की चौथ्या बॉलला एक शॉट असा काही बसला की हाताला काही जाणवलंच नाही, नुसता टक् आवाज आणि बॉल सरळ हवेत! तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. पण तो एक सोडला तर सगळा गोंधळ. दहातले सहा-सात बॉल टॉप होऊन (फटका डोक्यावर बसून) जमिनीवरून सरपटत जातात, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेतला की बॉल उजवीकडे वळून गायब, आणि जितका जोर लावावा तितकं अजून बिघडतं. त्यात आता उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलंय. मला हे मनापासून शिकायचंय, म्हणून विचारतो, या वयात व्यवस्थित खेळण्याइतपत जमतं का? क्लबचा, म्हणजे काठ्यांचा, पूर्ण सेट घ्यावा का? आणि कोर्सवर (खऱ्या खेळाच्या मैदानावर) कधी जावं, की बॉल नीट लागेपर्यंत रेंजवरच थांबावं?

निळंआभाळ
दादा, मी ५२व्या वर्षी सुरू केलं, आता सहा वर्षं झाली, त्यामुळे वयाचं मनातून काढून टाका.

तुमचा बॉल टॉप होतोय कारण तुम्ही तो उचलायला जाताय. मी वर्षभर हेच करत होते आणि मला कळतच नव्हतं. आपल्याला वाटतं बॉल वर जायला हवा म्हणजे खालून वर ढकलायला हवा, मग वजन मागच्या पायावर राहतं, छाती वर येते आणि क्लबची खालची कड बॉलच्या डोक्याला लागते. बॉल उचलायचं काम क्लबच्या तोंडाच्या उताराचं आहे, सात नंबरच्या आयर्नला (लोखंडी तोंडाच्या क्लबला) तो तीस अंशांच्या आसपास असतो, तो आपोआप वर नेतो. आपण फक्त वजन पुढच्या पायावर घेऊन खाली मारायचं, आधी बॉल मग जमीन. चांगल्या खेळाडूंनी उडवलेला गवताचा तुकडा बघा, तो बॉलच्या जागेच्या पुढून निघालेला असतो, मागून नाही.

यासाठी एक करा. छोटा टॉवेल घडी करून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा आणि अर्ध्याच स्विंगने, सात नंबरने मारा. टॉवेलला क्लब लागला की समजायचं वजन मागेच राहिलं. रेंजच्या मॅटवर हे कळत नाही, कारण क्लब बॉलच्या आधी मॅटवर आपटला तरी घसरून पुढे जातो आणि शॉट बरा वाटतो. गवतावर तोच शॉट दहा फूट पण जात नाही.

ड्रायव्हर काही महिने बाजूला ठेवाच. त्याचा उतार खूप कमी, दांडा सगळ्यात लांब, त्यामुळे तोंड थोडं जरी उघडं राहिलं तरी बॉल भरपूर वळतो. नियमात जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण १४ लागतातच असं नाही! एक हायब्रिड (लांब मारायला, ड्रायव्हरपेक्षा सोपा), सात नंबर, नऊ नंबर, सँड वेज (वाळूतून बॉल काढायला) आणि पटर (बॉल होलकडे ढकलायला), बास. वापरलेले मिळाले तर तेच घ्या. दांडे ग्राफाइटचे बघा, स्टीलपेक्षा हलके असतात आणि हाताला झटका कमी बसतो. कोर्सचं म्हणाल तर दहातले पाच बॉल हवेत जायला लागले की जा.

वडाखाली
बाकीचं नंतर, आधी कोपर. मी डॉक्टर नाही पण यातून गेलोय. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं म्हणजे बहुतेक गोल्फर्स एल्बो (कोपराच्या आतल्या स्नायुबंधाला ताण), पण नक्की काय ते डॉक्टर किंवा फिजिओ बघूनच सांगतील. मी दुर्लक्ष करून मारत राहिलो आणि नंतर चार महिने घरी बसलो, साधी बाटली उघडताना कळ यायची. विशीतल्या मुलासारखे सलग शंभर बॉल मारायचे नाहीत, चाळीस पुरे, आणि मध्ये बसायचं. रेंजवर पोचल्यावर लगेच क्लब हातात न घेता दहा मिनिटं चाला, कंबर-खांदे मोकळे करा. आणि पकड सैल करा, दांडा आवळून धरला की पुढचा हात आधीच ताठ होतो आणि मॅटवर आपटलेला प्रत्येक शॉट सरळ कोपरात जातो.

पटरप्रेमी
निळंआभाळताईंचं सगळं पटलं पण कोर्सवर जायचं लांबवू नका. रेंजवर सपाट जागा, एकच क्लब, हवे तेवढे बॉल. कोर्सवर उतार असतो, बंकर (वाळूचा खड्डा) असतो, एकच बॉल असतो, तो खेळ वेगळाच आहे आणि तो तिथेच शिकता येतो. संध्याकाळी गर्दी नसताना अनुभवी माणसासोबत नऊ होल चाला. बॉल हरवला तर शोधायला तीनच मिनिटं असतात (२०१९ पासून, आधी पाच होती), आणि मागे लोक थांबले असतील तर सरळ बॉल उचलून पुढच्या होलला जा.

स्कोअर स्टेबलफोर्डने, म्हणजे दर होलच्या पॉइंटनी, मोजा. पारला (होलसाठी ठरलेल्या फटक्यांत संपवलं तर) दोन पॉइंट, बोगीला (एक फटका जास्त) एक, एखाद्या होलवर अकरा फटके लागले तर शून्य, बस, विषय संपला, पुढचा होल नवा. त्यात हँडिकॅप (कमी कौशल्यासाठी मिळणारी फटक्यांची सूट) आता अठरा होलला ५४ पर्यंत मिळतो, म्हणजे प्रत्येक होलला तीन फटके जास्तीचे. पार चारच्या होलवर सातात संपवलं तरी दोन पॉइंट!

आणि पटिंग. पार ७२ च्या अठरा होलच्या कोर्समध्ये दर होलला दोन पट (पटरचे फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, अर्धा खेळ. याला ताकद लागत नाही, वय आड येत नाही आणि तुमच्या दुखऱ्या कोपरालाही फारसा त्रास नाही. सध्या विश्रांती घ्यावी लागली तरी घरात पटर चालवता येईल. होलच्या तोंडाची रुंदी १०८ मिलिमीटर, बॉल साधारण ४३ चा. घरात तेवढ्या तोंडाचा पेला आडवा ठेवा, तीन फुटांवरून सलग दहा घालवा, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारसकाळ
तीन आठवड्यांनी येतोय. फिजिओंनी सांगितल्याप्रमाणे रेंज पूर्ण बंद होती, मनगटाचे व्यायाम चालू आहेत आणि दुखणं बरंच कमी आहे. रोज रात्री जेवण झाल्यावर पटिंग करतो, सलग दहा एकदाच झाले, नवव्याला हात थरथरत होता. परवा फिजिओंच्या परवानगीने टॉवेल ठेवून पंचवीस बॉल मारले, अर्ध्या स्विंगने. पहिले सगळे टॉवेलला लागले, मग वजन पुढे ठेवायला जमलं आणि शेवटच्या दहातले सहा हवेत गेले, तोच टक् आवाज. एकच अडचण, बॉलशिवाय स्विंग केला तर छान होतो, समोर बॉल आला की पुन्हा उचलायला जातो. यावर काही?

निळंआभाळ
सहा म्हणजे खूपच छान! नजर बॉलवर नको, बॉलच्या दोन बोटं पुढच्या गवतावर ठेवा आणि तिथेच मारा. बॉल मध्ये आपोआप येईल. आणि टॉवेल अजून काढू नका.

पटरप्रेमी
कोर्सवर कधी ते ठरलं की सांगा.

शनिवारसकाळ
रविवारी संध्याकाळी. नऊ होल, पाच क्लब.