थंडरबोल्टचे चोचले कशाला? निळा पोर्ट पुरे झाला

खटपट्या:
परवा मेहुण्याचा फोन, "दाजी, बॅकअपला हार्डडिस्क घेतोय, टाईप-सी वालीच घेतो, ती फास्ट असते." डोक्याला हात लावला. अरे बाबा सी हा नुसता खाचेचा आकार, आतून जुनं, संथ यूएसबी २ पण धावू शकतं, २०२३ च्या साध्या आयफोन १५ ला सी आहे आणि स्पीड २.० चाच. माझं मत सरळ आहे. फिरणाऱ्या तबकडीची अडीच इंची डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, भरत आली की आतल्या ट्रॅकवर जवळपास निम्मंच. निळा पोर्ट म्हणजे २००८ चं यूएसबी ३.०, त्यातून चारशेच्या वर आरामात जातात. म्हणजे रस्ता चौपदरी आणि वर एकच बैलगाडी. तिच्यासाठी दहापदरी रस्ता, म्हणजे थंडरबोल्टसारखा महागडा वेगवान पोर्ट, बांधून काय करणार? लोक उगाच पोर्टच्या मागे लागलेत. बोला आता.

लग्नसराई:
बैलगाडीपुरतं मान्य. पण "पुरे" कोणाला ते सांगा ना. मी लग्नाचे शूट करते, एका लग्नाचे ५०० जीबी धरा. जुन्या यूएसबी २ वर ३५ एमबीने चार तास, तोवर नवरी सासरी पोचते. तुमच्या तबकडीवर सव्वा तास, एसएसडी (तबकडी नसलेला, चिपवाला ड्राईव्ह) निळ्या पोर्टला लावली तर वीस मिनिटं, १० गिगाबिटच्या नव्या यूएसबी पोर्टला नऊ-दहा. दाट मुहूर्ताला सकाळी एक लग्न नि संध्याकाळी दुसरं असतं, तिथे हा दहा मिनिटांचा फरक म्हणजे जेवायला मिळणं आणि न मिळणं.

खटपट्या:
ताई, तुमचं एसडी कार्ड यूएचएस-१ या वेगाच्या वर्गातलं असेल तर त्याची कमाल मर्यादाच १०४ एमबी आहे. पोर्ट कुठलाही घ्या, कार्ड रिकामं व्हायला लागायचा तेवढाच वेळ लागणार. जेवण कार्डामुळे चुकतंय.

लग्नसराई:
कार्डावरून कोण म्हणालं? कार्ड लॅपटॉपवर आधीच उतरलेलं असतं, मी दुसऱ्या कॉपीबद्दल बोलतेय, ती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही हा माझा नियम आहे, एकदा हात पोळलेत. शिवाय एडिट थेट बाहेरच्या ड्राईव्हवरून करते.

खटपट्या:
एडिटचा हिशोब करू. कॅमेऱ्यातलं ४के १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. तीन कॅमेरे एकत्र लावले तरी ४० च्या आत. हे तर तुम्ही नावं ठेवताय त्या २.० च्या आसपास आलं की.

लग्नसराई:
कागदावर. टाईमलाईन मागेपुढे ओढली की तीन ठिकाणांहून तुकडे वाचायचे असतात, डिस्कचं हेड पळून पळून धापा टाकतं.

खटपट्या:
म्हणजे एसएसडी हवी. पोर्ट नव्हे. तेच तर म्हणतोय मी!

आठबिट:
दोघंही आकड्यांच्या बाबतीत जरा ढिले आहात, थोडी काडी टाकतो. निळ्या पोर्टचे ५ गिगाबिट भागिले ८ म्हणजे ६२५ एमबी असा हिशोब सर्रास करतात, तो चूक. ३.० मध्ये दर ८ बिटांसाठी तारेवरून १० बिट जातात, त्यामुळे ५०० वरच गाडी अडते आणि प्रोटोकॉलचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आपसातल्या निरोपांचा, खर्च वजा जाऊन ४००-४५० हातात येतात. १० गिगाबिटवाल्यात दर १२८ बिटांसाठी १३२ च जातात, म्हणून गळती किरकोळ आणि हजाराच्या आसपास मिळतात. म्हणजे प्रत्यक्षात ते दुपटीपेक्षा जरा जास्तच आहे, खटपट्या, हे तुमच्या विरोधात जातं. जुनी मजा सांगू? फायरवायर नावाचा जुना पोर्ट कागदावर ४०० मेगाबिट, यूएसबी २ चे ४८०, तरी मोठी फाईल फायरवायरवर लवकर उतरायची. कारण यूएसबी २ मध्ये कॉम्प्युटरने विचारल्याशिवाय ड्राईव्ह तोंड उघडत नाही. आणि हो, एन्क्लोजर (ड्राईव्हची बाहेरची डबी) यूएएसपी वालं, म्हणजे एकदम अनेक हुकूम घेणारं, आहे का बघा, नसेल तर एका वेळी एकच हुकूम, बारीक बारीक फायलींना फार जाणवतं.

सोलापूरकर:
+१. माझं दुखणं वेगळंच. खोक्यावर ठळक अक्षरात २० गिगाबिट लिहिलेली एसएसडी आणली, माझ्या एम१ मॅकबुकला लावली तर १० वरच येऊन बसते, कारण त्यात यूएसबीचा तो २० गिगाबिटवाला टू-बाय-टू प्रकारच नाही. जादा पैसे मोजले ते मोजले, बायको अजून विचारते कुठे दिसतंय ते फास्ट.

नवखी:
वाचून आणखी गोंधळले 😅 माझी एसएसडी आहे, लॅपटॉप नवा आहे, पोर्ट सी आहे, आणि स्पीड ३८ च्या वर हलत नाही. ड्राईव्ह परत करू का?

आठबिट:
थांबा, ३८ म्हणजे २.० ची सही आहे. केबल कुठली लावलीय?

नवखी:
मोबाईलच्या चार्जरची. ती जरा लांब आहे म्हणून.

आठबिट:
सापडला चोर. चार्जिंगच्या बहुतेक केबलीत फक्त २.० च्या डेटा तारा असतात, तोंड सी असलं तरी. ड्राईव्हच्या खोक्यातली आखूड केबल काढा.

नवखी:
अहो ४१० झाले!!! ती केबल मी प्लास्टिकमधून काढलीच नव्हती. पण मोठा फोल्डर टाकला की थोड्या वेळाने १०० वर घसरतंय, ते का?

लग्नसराई:
स्वस्त एसएसडीत असं होतं. आतला वेगवान कप्पा भरेपर्यंत पळते, मग दम लागतो. थांबून पुन्हा टाकलंत की परत पळेल.

खटपट्या:
बघा म्हणजे केबल, कप्पा, कार्ड, तबकडी, सगळं झालं, पोर्टचा दोष कुठेच निघाला नाही. विश्रांती.

लग्नसराई:
विश्रांती कसली, माझी दहा मिनिटं कोण देणार? थंडरबोल्ट मीही घेत नाही, तेवढा धंदा नाही. पण १० गिगाबिटच्या खाली उतरणार नाही.

आठबिट:
अवांतर: निळ्या पोर्टला ड्राईव्ह चालू असताना शेजारीच वायरलेस माऊसचं डोंगल लावू नका. ३.० ची गडबड २.४ गिगाहर्ट्झमध्ये सांडते आणि माऊस अडखळतो.

नवखी:
अय्यो, माझं तेच होतंय! मी दोनदा सेल बदलले त्याचे.