खतबंदी नंतरची, करकपात आधीची

२०२२ मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली, ती सेंद्रिय शेतीच्या खुळापायी, असं बरेच जण म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली मे २०२१ मध्ये, आणि नोव्हेंबरात ती गुंडाळावीही लागली. भात आणि चहाचं व्हायचं ते नुकसान तोवर झालं होतं. पण तिजोरीला भोक त्याआधीच पडलेलं. डिसेंबर २०१९ मध्ये, निवडून आल्या आल्या, राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षांनी व्हॅट (विक्रीवरचा मूल्यवर्धित कर) १५ वरून थेट ८ टक्क्यांवर आणला. ज्या उलाढालीच्या वर व्हॅटसाठी नोंदणी करावी लागते, ती मर्यादा वर्षाला १.२ कोटी श्रीलंकन रुपयांवरून ३० कोटी! म्हणजे कर देणारेच यादीतून गायब. पुढच्या वर्षी देशाचं पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा) घसरलं आणि बाहेरून नवं कर्ज मिळणं बंद झालं. कोविडने पर्यटन बसवलं हे कबूल, पण घर आधीच पोखरलेलं होतं.

'जनता चिडते आणि विसरते, नेत्यांचं काही वाकडं होत नाही' असंही म्हटलं जातं, ते मात्र तिथे पूर्ण लागू नाही. जुलै २०२२ मध्ये कोलंबोच्या राष्ट्रपती भवनात घुसलेली गर्दी सगळ्यांना आठवते, त्यानंतर आलेला कोर्टाचा निकाल कुणाला आठवत नाही. माजी ऑलिंपिक जलतरणपटू ज्युलियन बोलिंग आणि आणखी काही जण या आर्थिक घसरणीबद्दल कोर्टात गेले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी गोटाबाया, त्यांचे भाऊ महिंदा (माजी पंतप्रधान) व बासिल (माजी अर्थमंत्री) आणि मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर यांना लोकांचा विश्वास मोडल्याबद्दल जबाबदार धरलं. तुरुंग वगैरे नाही, पण दोष नावानिशी निकालपत्रात आहे.