तुलनागटाला तपासणी न देणं कितपत रास्त?

लंबक :
उस्मानाबादला (आता धाराशिव) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर झालेल्या प्रयोगाचं उदाहरण घ्या. 52 गावसमूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. चिठ्ठ्या टाकून 13 समूहांना एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी), 13 ना पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), 13 ना व्हीआयए (ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावून मिनिटभराने पांढरा डाग दिसतो का ते बघणं). उरलेल्या 13 ना, म्हणजे तुलनागटाला, नेहमीची व्यवस्था, म्हणजे खेड्यात जवळपास काहीच नाही. 8 वर्षांत तिथे या कर्करोगाने 64 मृत्यू, एचपीव्ही गटात 34. पॅपने जीव वाचतात हे आधीच माहीत होतं, मग हा चौथा गट कशाला?

कडूनिंब :
माहीत होतं ते जिथे पट्टी वाचणारा माणूस आहे आणि बाईला दर काही वर्षांनी परत बोलावतात तिथलं. इथे तपासणी एकदाच झाली आणि पॅप, व्हीआयए दोन्ही गटांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. तिघांचीच आपसांत तुलना केली असती तर एचपीव्ही सरस एवढंच कळलं असतं. बाकी दोन अगदीच निरुपयोगी की थोड्या कामाच्या, ते नाही.

लंबक :
बरं, पण मग चिठ्ठी गावंच्या गावांची का? तपासणी तर एकेका बाईची होते.

कडूनिंब :
एका जावेला शिबिराला बोलावलं आणि दुसरीला नाही, तर दुसरीही येऊन बसणारच! गट मिसळले की फरक पुसला जातो.

पडवी :
त्याची किंमत कोणी मोजत नाही. समूहात सरासरी 2,500 बायका. एका समूहातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे प्रत्येकीकडून नवी माहिती कमी मिळते. हे साधर्म्य (आयसीसी, 0 ते 1 मधला आकडा) अवघं 0.001 धरलं तरी 1 + 2,499 × 0.001, म्हणजे सुमारे साडेतीन. एकेकीची चिठ्ठी काढली असती त्याच्या साडेतीनपट बायका लागतात, तुलनागटातही.

आणि संमती? अशा समूहवार प्रयोगांच्या नैतिकतेवरच्या 2012 च्या ओटावा निवेदनानुसार सरपंचाला गावाच्या वतीने परवानगी देता येते, बायकांच्या वतीने संमती नाही. तुलनागटातल्या बाईचं नाव यादीत चढतं, पुढे तिचा आजार-मृत्यू नोंदला जातो, तेव्हा तिलाही विचारायलाच हवं. क्रमही सांभाळावा : आधी यादी, मग संमती, चिठ्ठी शेवटी. उलट केलं तर विचारणाऱ्याला गट माहीत असतो, तपासणीच्या गावात तो जास्त आग्रह करतो आणि दोन्हीकडच्या बायका सारख्या राहत नाहीत.

लंबक :
तुलनागटातल्या बाईला 'शेजारच्या समूहात तपासणी मिळतेय' हे सांगायचं का?

पडवी :
सांगायचं. ती तिकडे जाऊन तपासून आली तर तेवढी गळती हिशेबात धरून समूह वाढवा.

कडूनिंब :
वाढवा म्हणजे तुलनागटात आणखी बायका. लंबक, चालेल?