जपानी पंक रॉक ऐकायला सुरुवात कुठून करू? आणि गॅदरिंगला वाजवता येईल असं काही सुचवा

गंगापूररोड_ड्रम्स
नमस्कार मंडळी, मी नाशिकचाच, कॉलेजचं शेवटचं वर्ष चालूये. नारुतो ही जपानी कार्टून मालिका बघताना दुसऱ्या ओपनिंगचं 'हारुका कानाता' डोक्यात जे बसलं ते निघेचना, मग ते गाणाऱ्या एशियन कुंग-फू जनरेशन बँडचं बरंच ऐकून काढलं, पण आता त्याच्यापेक्षा कच्चं आणि फास्ट पाहिजे, सरळ पंक. जपानी अजिबात येत नाही. दुसरं म्हणजे आमचा चौघांचा बँड आहे, गिटार, बेस, गाणारी एक मैत्रीण आणि ड्रम्सवर मी (आधी ढोल पथकात होतो). जानेवारीत गॅदरिंग आहे, तिथे एक तरी जपानी गाणं वाजवायचंय. नेटवरच्या याद्या इतक्या लांब असतात की कुठून सुरू करायचं तेच कळत नाही, म्हणून ज्यांनी खरंच ऐकलंय त्यांनी सांगा ना प्लीज.

सिडकोकर
भावा, द ब्लू हार्ट्स. बाकी सगळं नंतर. १९८५ ला सुरू झालेला आणि १९९५ ला थांबलेला बँड, गायक हिरोतो कोमोतो, गिटारवर मासातोशी माशिमा, आणि बहुतेक गाणी या दोघांचीच. 'लिंडा लिंडा' हे १९८७ चं, आधी नुसती गिटार आणि शांत आवाज, गाणारा म्हणतो की मला गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय, आणि मग एकदम सगळा बँड अंगावर येतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्थ माहीत नव्हता तरी अंगावर काटा आला होता, आणि नंतर अर्थ कळल्यावर गाणं अजून मोठं वाटलं, कारण ज्याला सगळे हाकलतात त्याच्यासारखं व्हायचंय असं इतक्या मनापासून कोण म्हणतं.

त्याच्यानंतर 'ट्रेन-ट्रेन' (१९८८), 'हितो नि यासाशिकु' आणि 'ओवारानाई उता' ऐक, याच क्रमाने. कोमोतोचं गाणं ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल, तो शब्द खात नाही. पंकमध्ये बरेच जण ओरडताना शब्द चावून टाकतात, हा माणूस प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ गातो. म्हणून भाषा येत नसली तरी दोनतीनदा ऐकून तुम्ही बरोबर म्हणायला लागता.

आणि गाणाऱ्या मैत्रिणीला सांग की लिरिक्स इंग्रजी अक्षरांत पाठ करू नको, देवनागरीत लिहून काढ. जपानीत बहुतेक व्यंजनाला स्वर चिकटलेलाच असतो त्यामुळे आपल्या लिपीत ते जवळपास जसंच्या तसं उतरतं, 'त्सु' तर आपण त्सुनामीमध्ये लिहितोच. फक्त त्यांचा र आपल्यापेक्षा हलका असतो, जीभ नुसती टेकवून सोडायची.

तुमच्या बँडने २००५ चा 'लिंडा लिंडा लिंडा' सिनेमा बघाच. शाळेच्या फेस्टिव्हलला तीनच दिवस उरलेत, मुलींच्या बँडला गायिका नाही, मग त्या एका कोरियन एक्स्चेंज विद्यार्थिनीला घेतात जिला जपानी नीट येत नाही (बे दुना, काय काम केलंय तिने), आणि ब्लू हार्ट्सची गाणी बसवतात. तुमचीच गोष्ट आहे ती.

बेसवाली_नाशिकरोड
ब्लू हार्ट्स बरोबरच आहे, पण जपानी पंक म्हटलं की लोक तिथेच थांबतात आणि बायकांचे बँड राहून जातात, ते मला पटत नाही. शोनेन नाइफ, ओसाकाचा, १९८१ पासून चालू आणि नाओको यामानो अजूनही पुढे उभी राहून गाते. रामोन्स या अमेरिकन पंक बँडवर यांचा इतका जीव की २०११ ला 'ओसाका रामोन्स' नावाने त्यांच्या गाण्यांचा पूर्ण अल्बमच काढला. निर्वाणा या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन या बायकांचा फॅन होता, १९९१ ला निर्वाणाने ब्रिटनच्या टूरवर यांना सोबत नेलं होतं. गाणी खाण्यापिण्यावर, प्राण्यांवर, अगदी साधी. 'रायडिंग ऑन द रॉकेट' आणि 'ट्विस्ट बार्बी' ऐक.

आणि आत्ताच्यातलं म्हणशील तर ओतोबोके बीव्हर. क्योतोच्या रित्सुमेइकान युनिव्हर्सिटीच्या म्युझिक क्लबात सुरू झालेला चौघींचा बँड. 'इतेकोमा हिट्स' (२०१९) आणि 'सुपर चॅम्पॉन' (२०२२) हे दोन अल्बम लाव, काही गाणी एक मिनिट पण चालत नाहीत आणि तेवढ्यात ताल तीनचार वेळा बदलतो. एका गाण्यात सरळ सांगतात की मला आईपण नकोय, एकात सांगतात की जेवायला बसल्यावर सगळ्यांच्या ताटात सॅलड मी वाढणार नाही. हे ऐकून मला किती बरं वाटलं काय सांगू, आपल्याकडच्या प्रत्येक लग्नघरात पंगतीत वाढायला कोण उठतं ते सगळ्यांना माहितीये. फक्त गॅदरिंगला यांचं वाजवायचा विचार पहिल्याच वर्षी करू नका, ते ब्रेक्स जमायला फार मेहनत लागते, मी बेसवर एक गाणं बसवायला घेतलंय आणि अजून चालूच आहे.

पंचवटीचा_पासवाला
मी रोज पंचवटी एक्सप्रेसने जातो त्यामुळे ऐकायला वेळच वेळ. माझ्याकडून दोन नावं. हाय-स्टँडर्ड, तिघांचा बँड, १९९१ पासून, आणि गाणी इंग्रजीत त्यामुळे तुला भाषेचा पण प्रश्न नाही. 'मेकिंग द रोड' (१९९९) हा अल्बम त्यांनी मोठ्या कंपनीकडे न जाता स्वतःच्या पिझ्झा ऑफ डेथ लेबलवर काढला आणि तो धो धो खपला, त्यातलं 'स्टे गोल्ड' सकाळी सकाळी लावलं की दिवसच बदलतो. २००० ला थांबले होते, मग २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर परत एकत्र आले आणि योकोहामा स्टेडियमवर त्यांचा एअर जॅम फेस्टिव्हल केला, लोकांना उभं राहायला बळ मिळावं म्हणून. ड्रमर अकिरा त्सुनेओका २०२३ मध्ये गेला. तू ड्रमर आहेस ना, त्याला नीट लक्ष देऊन ऐक.

दुसरा मोंगोल८००, ओकिनावाचे, शाळेत असतानाच बँड काढलेला. २००१ चा 'मेसेज' अल्बम छोट्या लेबलवरून आला आणि ओरिकॉन चार्टवर, म्हणजे जपानमधल्या विक्रीच्या यादीत, पहिल्या नंबरला गेला. त्यातलं 'चीसाना कोई नो उता' तुमच्या गॅदरिंगसाठी माझं मत. जपानमध्ये नवीन बँड शिकताना हेच गाणं घेतात, कॉर्ड्स सोप्या, चाल अशी की कोरसला अख्खं हॉल गाईल.

जुना_कॅसेटवाला
सगळं छान सांगितलंय पोरांनो, पण मुळं पण बघा. टोकियोत १९७८ च्या आसपास फ्रिक्शन, लिझार्ड वगैरे बँड होते, त्यांना मिळून टोकियो रॉकर्स म्हणायचे. फ्रिक्शनचा रेक न्यूयॉर्कला राहून तिथल्या बँडमध्ये वाजवून आलेला, तो टोकदारपणा ऐकू येतो. मग द स्टालिन, मिचिरो एन्दोचा, 'स्टॉप जॅप' १९८२ चा. स्टेजवरून डुकराची आतडी लोकांवर फेकायचे म्हणून जास्त प्रसिद्ध, पण तेवढंच लक्षात ठेवलं तर त्याच्यावर अन्याय आहे, हा माणूस फुकुशिमाचा, २०११ ला अणुभट्टीचा अपघात झाल्यावर तिथेच जाऊन लोकांसोबत मोठा कार्यक्रम उभा करणाऱ्यांत होता. 'रोमांचिसुतो' ऐका. आणि रात्री एकट्याने ऐकायचं असेल तर थी मिशेल गन एलिफंटचा 'गिअर ब्लूज', १९९८. गॅरेज रॉककडे झुकणारा आहे, पण गायक चिबा युसुकेचा तो घासलेला आवाज, २०२३ ला गेला बिचारा, मी त्या आठवड्यात दुसरं काही लावलंच नाही.

गंगापूररोड_ड्रम्स
सगळ्यांना मनापासून थँक्यू, दोन दिवस हेच ऐकतोय. 'लिंडा लिंडा' आणि 'चीसाना कोई नो उता' दोन्ही बसवायचं ठरलंय, मैत्रिणीने पहिलं कडवं देवनागरीत लिहून पण काढलं. प्रॉब्लेम माझा, ढोलाची सवय असल्यामुळे दोन्ही हात एकदम पडतात आणि फास्ट पार्टला स्पीड आपोआप वाढत जातो.

सिडकोकर
सगळ्याच ढोलवाल्यांचं होतं ते. पथकात शेजारचे चाळीस ढोल तुला ओढून नेतात, इथे ओढणारा तूच. आधी उजव्या हाताने नुसता हाय-हॅट सरळ आठच्या मोजणीत चालू ठेव, डावा फक्त दोन आणि चारला स्नेअरवर, पायाचं नंतर. मेट्रोनोम मूळ गाण्याच्या अर्ध्या स्पीडला लाव आणि चुकत नाहीस तोपर्यंत वाढवू नको. आणि लिंडाच्या शांत भागात काहीही वाजवू नको, हात मांडीवर ठेव, बँड एकदम सुरू होतो त्यातच सगळी मजा आहे.

बेसवाली_नाशिकरोड
आणि तारीख इथे टाका, बाहेरच्यांना एन्ट्री असेल तर मी येणारे.