मदत हवी आहे : 4294967297 संयुक्त असूनही मूळ संख्येच्या चाचणीत पास होते

2³² + 1 = 4294967297. सी++ मध्ये मिलर-राबिन चाचणी (एक संख्या, म्हणजे पाया, निवडून तिच्या घातांच्या बाक्यांवरून मूळ की संयुक्त हे ठरवणारी) लिहिली आहे, पाया 2. उत्तर येतं 'मूळ संख्या'. पण 641 ने तर निःशेष भाग जातो! 32 बिटांत ही संख्या 1 होऊन बसते, म्हणून 64 बिट अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेला पूर्णांक) घेतलं आहे. कोड चुकलाय का? आणि 641 हातानं कसा शोधायचा?

प्रतिसाद 1
कोड ठीक आहे, पाया बदला. संख्येतून 1 वजा केला की 2³² उरतात, म्हणजे विषम भाग फक्त 1. 2 चा वर्ग करत गेलात की पाचव्या वर्गाला 2³² येतो, आणि 4294967297 ने भागून बाकी घेताना तोच −1 (भाजकाहून एक कमी). चाचणी तिथेच 'मूळ' म्हणून थांबते. कुठल्याही फर्मा संख्येला (2 चा घात 1, 2, 4, 8, 16, 32… असा घेऊन त्यात 1 मिळवलेली संख्या) पाया 2 लावला की हेच होणार. 4 आणि 16 सुद्धा तितकेच निरुपयोगी.

पाया 3 घेऊन 31 वेळा वर्ग करा, दर वेळी बाकी घ्या. संख्या मूळ असती तर शेवटी 4294967296 आलं असतं. येतं 10324303. ही पेपँची चाचणी. फर्मा संख्यांसाठी हिचा निकाल पक्का असतो.

प्रतिसाद 2
ओव्हरफ्लोही सांभाळा. बाकी 2³² आली आणि तिचा वर्ग केला तर 2⁶⁴ होतो, 64 बिटांत त्याचा 0 होतो. बाकीच्या सगळ्या बाक्यांचे वर्ग मावतात, ही एकच फसवते. गुणाकार 128 बिटांत करा.

प्रतिसाद 3
641 साठी : या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव 128क + 1 अशाच रूपाचा असतो. 129, 385, 513 मूळ नाहीत. 257 ही स्वतः फर्मा संख्या, आणि दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो. पुढची थेट 641! गणितज्ञ फर्मानं 4294967297 मूळ असेल असं मानलं होतं. ऑयलरनं 1732 मध्ये ते खोडून काढलं.

भागाकारही नको असेल तर : 641 = 5 × 2⁷ + 1 आणि 641 = 5⁴ + 2⁴. पहिल्यावरून 5 × 2⁷ ची बाकी −1, चौथा घात केला की 5⁴ × 2²⁸ ची 1. दुसऱ्यावरून 5⁴ च्या जागी −2⁴ ठेवा. −2³² ची बाकी 1, झालं.

धागाकर्ता
कळलं, आभार. दुसरा अवयव 6700417 मूळ आहे हे कसं ठरवायचं?

प्रतिसाद 3
त्याचं वर्गमूळ 2589 च्या आतच आहे. 128क + 1 रूपाच्या मूळ संख्या तिथवर 257 सोडून चारच : 641, 769, 1153, 1409. बाक्या अनुक्रमे 44, 120, 334, 622. म्हणून मूळ.

प्रतिसाद 4
अवयव काढायची दुसरी, फार देखणी वाट. ही संख्या दोन वर्गांची बेरीज दोन प्रकारे होते : 65536² + 1² आणि 62264² + 20449². सम पायांची वजाबाकी 3272, विषम पायांची 20448, मसावि 8. बेरजा 127800 आणि 20450, मसावि 50. दोन्ही मसावि निम्मे करा : 4² + 25² = 641. आता 3272 ला 8 नं भागा, 127800 ला 50 नं : 409² + 2556² = 6700417.