मदत हवी आहे: पेट्रोल टाकीच्या मॅनहोलपाशी टॉर्च, मल्टिमीटर आणि ड्रिल

जमिनीखालच्या टाकीचा लेव्हल प्रोब (पेट्रोलची पातळी मोजणारी दांडी) बदलायचा आहे. मॅनहोलच्या चेंबरमध्ये (टाकीच्या तोंडावरच्या खड्ड्यात) उतरायचं नाही, कडेला बसून हात घालून काम होईल. हाताशी आहे ते असं: आयपी ६७ एलईडी टॉर्च, अंगावर 'एक्स आयसी, आयआयसी, टी४, जीसी' कोरलेलं, साधा डिजिटल मल्टिमीटर, ब्रशलेस कॉर्डलेस ड्रिल. टॉर्चमध्ये अल्कलाइनऐवजी चार्जेबल सेल टाकले आहेत. मेन्सची वायर कुठेच नाही. चालेल का?

प्रतिसाद १
तिन्ही वस्तू चेंबरपासून लांब ठेवा, कृपा करून.

आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, इतकंच. 'एक्स'ची खूण स्फोटक वाफेच्या जागेसाठी असते, आणि तिच्यात महत्त्वाचं शेवटचं 'जीसी'. वाफ जवळपास कायम असते ती जागा झोन ०, अधूनमधून असते ती झोन १, क्वचित असते ती झोन २. जीसी फक्त झोन २ साठी, जीबी झोन १ पर्यंत, जीए झोन ० पर्यंत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती खड्ड्यात बसून राहते, वाऱ्याने निघत नाही. म्हणून चेंबर झोन १ धरतात आणि टाकीचं पोट झोन ०. तुमचा आयआयसी गट (कोणत्या वायूंसाठी चालतो ते) आणि टी४ (पृष्ठभाग कमाल १३५ अंश) पेट्रोलला पुरून उरतात. अडतंय ते जीसीवर. किमान जीबी टॉर्च घ्या.

चार्जेबल सेलचं तर लगेच बघा. सर्टिफिकेटमध्ये सेलचा प्रकार, बऱ्याचदा मेक आणि मॉडेलही नेमून दिलेलं असतं. चार्जेबल सेलचा अंतर्गत रोध कमी, म्हणून शॉर्ट झाला की करंट कितीतरी जास्त सुटतो. हवेत पेट्रोलची वाफ १.४ ते ७.६ टक्के असली की पेटायला मिलिज्यूलचा चौथा हिस्सासुद्धा पुरतो. सेल बदलणं आणि चार्जिंग झोनच्या बाहेरच.

ड्रिलला ब्रश नसले तरी ट्रिगरचा स्विच आणि पॅकचे उघडे टर्मिनल आहेतच. बोल्ट हातपान्याने सोडवा. गंजून बसला असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल टाकून थांबा, लांब दांडा लावा.

प्रश्नकर्ता
मग प्रोबची लाइन तपासायची कशी? 'कॅट ३' छापलेला मल्टिमीटर चालेल?

प्रतिसाद २
कॅट ३ म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून तुमचं संरक्षण. वाफेशी त्याचा संबंध नाही. रोध मोजताना मीटर स्वतः लाइनमध्ये करंट सोडतो, टोकं सुटताना ठिणगी पडू शकते. प्रोबची लाइन सेफ्टी बॅरियरमधून (लाइनमधली ऊर्जा मर्यादित ठेवणाऱ्या उपकरणातून) येत असेल तर बॅरियरपाशी, सुरक्षित जागेतच मोजा. चेंबरमधला जॉइंट तपासायचाच असेल तर इंट्रिन्सिकली सेफ (वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा सुटू न देणारा) मीटर हवा, आणि त्याचे व्होल्टेज-करंटचे आकडे प्रोबच्या सर्किटशी जुळायला हवेत.

कामाआधी चेंबरमधली वाफ मोजायला गॅस डिटेक्टर स्वच्छ हवेत सुरू करून झिरो करा, मग सॅम्पलिंग नळी चेंबरच्या तळापर्यंत सोडा. तोंडाशी घेतलेलं रीडिंग फसवतं. मिथेनवर कॅलिब्रेट केलेला डिटेक्टर पेट्रोलची वाफ कमी दाखवतो. टाकीच्या आत ऑक्सिजन कमी असेल तर डिटेक्टरमधला कॅटॅलिटिक सेन्सर (वाफ जाळून मोजणारा) धोका असूनही कमी आकडा दाखवतो, म्हणून ऑक्सिजनही सोबत वाचा. आणि रीडिंग शून्य आलं म्हणून साधा टॉर्च आत नेऊ नका. झाकण हललं, टँकर आला की ते बदलतं. काम चालू असताना टँकर उतरवणं बंद ठेवा.

प्रश्नकर्ता
मोबाईल फोटोसाठी?

प्रतिसाद १
नाही. जाड कव्हर घातल्याने फोन सर्टिफाइड होत नाही. स्मार्टवॉच, इअरबड आणि गाडीची रिमोट चावीही बाहेरच.